सुजलेलं नाक घेऊन दुसरी ‘ब’मध्ये

मी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतो. सकाळी रक्त काढायचं, दुपारी काचपट्टीवर बघायचं, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचे. घरी या कामाचं कोणाला फार कौतुक नाही. माझी मुलगी मात्र दुसरीत गेल्यावर वर्गात सांगून आली की माझे बाबा रोज शंभर लोकांचं रक्त काढतात. अर्धा वर्ग घाबरला आणि उरलेल्या अर्ध्यानं मला बघायचंच म्हणून हट्ट धरला.

त्यांच्या शाळेत दर शनिवारी एक तास पालकांचा असतो. एक पालक येतो आणि आपण काय काम करतो ते मुलांना सांगतो. माझ्या आधी एका मुलाचे वडील आले होते, ते वाहतूक पोलिसात. त्यांनी प्रत्येकाला एकेकदा शिट्टी फुंकू दिली. त्याच्या आधी एका मुलीची आई आली होती, तिनं वर्गातच छोटे छोटे डोसे करून वाढले.

“तुम्ही काय देणार?” मुलीनं मला विचारलं.

“माहिती देईन,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

वर्गाच्या बाईंनी फोनवर आधीच बजावलं होतं की सुई आणू नका, रक्ताची बाटली आणू नका. म्हणून मी एक मोठा कागद घेतला आणि त्यावर तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी असं सगळं रंगवलं. दोन रात्री त्यावर गेल्या. बायको म्हणाली, तांबड्या पेशी बालूशाहीसारख्या दिसतात. खऱ्या पेशी तशाच असतात, मधे खोलगट, त्यामुळे मी ते कौतुक समजून घेतलं.

मार्च लागला होता. नागपुरात मार्च लागला की घराघरातून एकच विषय निघतो, कूलर काढला का. आमचा कूलर मागच्या गॅलरीत जुन्या चादरीत गुंडाळून दिवाळीपासून उभा होता. शनिवारी सकाळी बायको म्हणाली, “शाळेत जायला दोन तास आहेत. तेवढ्यात कूलर काढून घ्या.”

मी चादर काढली आणि बाजूची खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी ओढली. आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. फार मोठं नव्हतं, लिंबाएवढं असेल. त्यातून एकच माशी बाहेर आली, माझ्या तोंडासमोर क्षणभर थांबली, मला नीट पाहिलं आणि नाकाच्या शेंड्यावर चावली.

माझ्या ओरडण्यानं घरातल्या सगळ्या गॅलरीत आल्या. आई खाप्याहून आठ दिवसांसाठी आमच्याकडे आली होती. तिनं कपाटाची लोखंडी चावी आणली.

“हालू नको गा. लोखंड घासलं का उतरते.”

“आई, साबणानं धुवायचं असतं आणि बर्फ लावायचा असतो. मी लॅबमध्ये काम करतो.”

“तू लॅबमध्ये करते, मी काय वावरात माश्या नाही पाहिल्या? नाक इकडं कर.”

चावी झाल्यावर बायकोनं आईच्याच चंचीतला चुना लावला. मुलीनं तेवढ्यात निळी टूथपेस्ट आणली, कारण तिच्या मैत्रिणीच्या काकूनं एकदा लावली होती. मी खुर्चीवर बसून राहिलो आणि तिघी हळदीच्या नवरदेवासारखं मला काही ना काही फासत राहिल्या. शेवटी मी उठलो, मोरीत जाऊन साबणानं सगळं धुतलं आणि रुमालात बर्फ घेऊन नाकाला धरला. आरशात पाहिलं. शेंडा लाल झाला होता, चकाकत होता, आणि हात न लावताही ठणकत होता.

“आज नाही गेलं तर?” मी विचारलं.

गणवेश घालून, वेणी घालून, मुलगी दाराशी जाऊन उभी राहिली. मी निघालो.

स्कूटरवर हेल्मेटची काच नाकाला टेकत होती, म्हणून काच वर करून गेलो. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या लेकराचं तोंड दुसरीकडे वळवलं.

शाळेत पोचेपर्यंत सूज नाकभर झाली होती आणि गालाकडे सरकत होती. फाटकातून आत जाताच मुलीनं माझा हात सोडला. “मी पुढं जाते,” ती म्हणाली आणि वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसली. तिची जागा दुसऱ्या बाकावर आहे, हे मला माहीत होतं.

बाईंनी मला पाहिलं. त्या तरुण होत्या, नव्यानंच लागलेल्या. “काका, तुम्हाला बरं आहे ना? आपण पुढच्या शनिवारी…”

“श्वास नीट चालू आहे, गळा ठीक आहे, अंगावर गांधी उठलेल्या नाहीत,” मी सांगितलं. “तसं काही झालं असतं तर मी सरळ दवाखान्यात गेलो असतो. हे फक्त दिसायला वाईट आहे.”

मी फळ्यावर कागद लावला. चाळीस मुलं होती. कागदाकडे एकानंही पाहिलं नाही.

“काका,” पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “हे तुमचं रोजचं नाक आहे का?”

मी उत्तर द्यायच्या आत शेवटच्या बाकावरून माझ्या मुलीचा आवाज आला. “नाही. रोजचं छोटं असते.” मग ती पुन्हा खाली वाकली.

मी काठीनं तांबड्या पेशी दाखवल्या. प्राणवायू कसा वाहून नेतात ते सांगितलं. मग विचारलं, कोणाला काही शंका? सगळ्यांचे हात वर. दोन घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी तर उभीच राहिली.

“माशी तर सुईएवढी टोचते. मग नाक एवढं मोठं काहून झालं? माशी आतच बसून आहे का?”

माझ्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. पण प्रश्न इतका चांगला होता की मी काठी खाली ठेवली.

“माशी उडून गेली,” मी म्हणालो. “पण जाताना तिनं आत विषाचा एक बारीक थेंब सोडला. आता, आपल्या कातडीखाली पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. पेशी म्हणजे आपलं अंग ज्यांनी बनलं आहे ते अगदी बारीक जिवंत कण. या पहारेकऱ्यांना नुसतं कळलं पाहिजे की कोणीतरी परका आत आला. लगेच त्या आपल्या पोटातलं एक रसायन बाहेर टाकतात. ते रसायन म्हणजे बोंब. या रे, धावा रे.”

“कोण येते मग?”

“नाकात रक्ताच्या बारीक नळ्या आहेत. बोंब ऐकली की त्या नळ्या रुंद होतात. जास्त रक्त येतं. रक्त लाल आणि गरम, म्हणून नाक लाल आणि गरम. मग नळ्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. ते पाणी जागा मागतं, म्हणून नाक फुगतं. आणि त्याच सैल झालेल्या भिंतीतून पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर निघतात. त्या विषाची घाण साफ करतात, जंतू असले तर त्यांना खाऊन टाकतात.”

“खातात म्हणजे? चावून?”

“दात नसतात त्यांना. मिठी मारतात आणि गिळतात.”

हे मुलांना फारच आवडलं. पहिल्या बाकावरच्या मुलानं शेजारच्याला लगेच मिठी मारली आणि तोंड उघडलं. बाईंनी त्याला आवरलं. आणि मग त्याच म्हणाल्या, “आपण हे करून बघू या का?” पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि त्यांची किती, यावर आमचं अजून एकमत नाही.

बाक मागे सरकवले. दहा-दहा मुलं हात धरून दोन ओळींत समोरासमोर उभी राहिली, ती रक्ताच्या नळीची भिंत. मधून काही मुलं शिस्तीत चालत राहिली, त्या तांबड्या पेशी. सहा मुलांना पांढऱ्या पेशी केलं. विष व्हायला कोणी तयार होईल असं मला वाटलं नव्हतं, पण अकरा हात वर आले. एका सर्दी झालेल्या बारक्या मुलाला बाईंनी निवडलं. वेण्यांवालीला मी पहारेकरी केलं, कारण तिचा आवाज मोठा होता.

“आणि आम्ही?” चार मुलं उरली होती.

“तुम्ही रक्तातलं पाणी,” मी म्हणालो. “भिंत सैल झाली की बाहेर यायचं.”

विष आलं. वेण्यांवालीनं बोंब मारली. भिंती एकेक पाऊल मागे झाल्या, हात सुटले. इथपर्यंत मी इतका खूश होतो की नाक दुखतं हेही विसरलो. मग पांढऱ्या पेशी निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर पाणी निघालं. पाणी झालेल्या चारही मुलांनी आपापल्या बाटल्यांची झाकणं उघडली होती. मी सांगितलं तसं ती भिंतीबाहेर आली आणि त्यांनी बाटल्या फरशीवर ओतल्या. मन लावून, एक थेंब न ठेवता.

पहिली पांढरी पेशी घसरली. तिच्यावर दुसरी पडली. तिसरीनं विषाला धरायला झेप घेतली, विष खाली बसलं आणि टेबलाखाली पळालं, आणि ती झेप थेट वेण्यांवालीवर गेली. तिचं कपाळ बाकाच्या काठाला लागलं. ठक्क असा आवाज झाला.

मी धावलो. ती रडेल असं वाटलं, पण ती खाली बसून दोन बोटांनी कपाळ चाचपत होती. मी तिला तिचं नाव विचारलं, ते तिनं सांगितलं. बोटं किती, विचारलं, तीन म्हणाली, तीनच होती. मळमळते का, गरगरते का, नाही म्हणाली. मग ती एकदम थांबली.

“काका,” ती म्हणाली, “माझं पण सुजून राहिलं.”

जवळजवळ सगळा वर्ग तिच्याभोवती जमला. डाव्या भुवईच्या वर टेंगूळ खरंच वर येत होतं, आमच्या डोळ्यांदेखत. आधी बोराएवढं, मग पेढ्याएवढं. “आलं, आलं,” मुलं म्हणत होती. ती मान अगदी सरळ धरून बसली होती, सगळ्यांना दिसावं म्हणून.

शाळेत फ्रीज नव्हता. शाळेतल्या मावशी फाटकाबाहेरच्या रसवंतीवरून बर्फ घेऊन आल्या. एक तुकडा तिला, एक मला. बाईंनी फळ्यापुढे दोन खुर्च्या मांडल्या. आम्ही दोघं रुमालात बर्फ घेऊन बसलो, ती कपाळाला लावून, मी नाकाला लावून, आणि तास पुढे सुरू झाला. माझी मुलगी मावशींच्या हातातून फडकं घेऊन फरशी पुसत होती. तिनं मधेच माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता आमचं नातं पुन्हा जाहीर झालं होतं.

“मले तर माशी चावली नाही,” वेण्यांवाली बर्फामागून म्हणाली. “विषही नाही. मग ह्या पेशी कायले आल्या?”

“बाक लागला तेव्हा तुझ्या कपाळाच्या काही पेशी चेंगरल्या, बारीक नळ्या फुटल्या,” मी सांगितलं. “त्यातून थोडं रक्त आत सांडलं. म्हणून टेंगूळ इतक्या लवकर आलं. चेंगरलेल्या पेशीसुद्धा बोंब मारतात. मदतीला येणारे विचारत नाहीत की माशी होती का बाक. आधी येतात, मग बघतात.”

“आणि दुखते काहून?”

“हात लावू नये म्हणून.”

तिनं लगेच दुसऱ्या हाताचं बोट काढून घेतलं.

पहिल्या बाकावरच्यानं विचारलं की बर्फानं विष मरतं का. नाही म्हणालो. गारव्यानं नळ्या आक्रसतात, पाणी कमी झिरपतं, गर्दी जरा आवरते, एवढंच. “पण मग पांढऱ्या पेशी येतील कशा?” तो म्हणाला. लॅबमध्ये मला इतके बारीक प्रश्न कोणी विचारत नाही. थोड्या हळू येतील, मी म्हणालो, पण येतील.

मग टेबलाखालून आवाज आला. विष अजून तिथेच होतं, कोणी पकडलं नव्हतं.

“माह्या आजीचे गुडघे रोज सुजतात. तिले कोण चावलं?”

त्या मुलानं बाहेर येऊन नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगायला सोपं नव्हतं. “आजीला कोणीच चावलं नसेल,” मी म्हणालो. “म्हातारपणी गुडघा झिजतो, तरी सूज येते. आणि काही लोकांच्या पेशींची चूक होते. चोर नसतोच, तरी त्या बोंब मारतात. आपल्याच घराला परकं समजतात. मग सूज येते आणि जायचं नाव घेत नाही.”

“मंग त्यायले सांगते कोण?”

“डॉक्टर औषध देतात. त्यानं जरा शांत होतात.”

“येड्या आहेत का?”

“येड्या नाहीत. चुकतात.”

त्यानं विचार केला. “मी आजीले सांगतो घरी. तुह्या गुडघ्यातले शिपाई चुकले म्हणून.” मग तो पुन्हा टेबलाखाली गेला.

एवढ्यात मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या. त्यांनी ओली फरशी पाहिली, वाकडे बाक पाहिले, भिंत होऊन अजूनही उभी असलेली तीन शहाणी मुलं पाहिली, आणि खुर्च्यांवरच्या आम्हा दोघांना पाहिलं.

“यातले पालक कोण?” त्यांनी विचारलं.

मी हात वर केला.

“तुम्ही रक्ताविषयी सांगणार होतात ना?”

“हे सगळं रक्तामुळेच झालं,” मी म्हणालो. त्या आणखी काही न विचारता गेल्या. सोमवारी पालकांच्या ग्रुपवर सूचना आली की पालकांनी तास घेताना प्रकृती उत्तम असल्याची खात्री करावी व पाण्याचा वापर टाळावा.

शाळा सुटली तेव्हा मी फाटकाशी थांबलो. वेण्यांवालीच्या घरी बाईंनी कळवलं होतं, पण वडिलांना मी स्वतः सांगायचं ठरवलं होतं. ते आले. जरीपटक्याच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. भलेमोठे गृहस्थ, मनगट माझ्या पोटरीएवढं. मी मनात दोन-तीन वाक्यं जुळवली, पण वरचा ओठही आता सुजला होता, त्यामुळे ‘माफ करा’ हे ‘नाफ करा’ असं बाहेर पडलं.

त्यांनी मुलीचं कपाळ पाहिलं आणि हात पुढे केला.

“बाबा, हात लावू नका,” ती म्हणाली. “आत काम चालू आहे.”

त्यांनी हात मागे घेतला. माझ्याकडे वळले. बराच वेळ माझं नाक बघत राहिले.

“आणि याह्यचं?”

“त्यांचंही चालूच आहे. त्यांचं जास्त आहे.”

मी सगळं सांगितलं, पाणी, बाक, विष, सगळं. रात्री ओकारी झाली किंवा पोरगी पेंगायला लागली तर ताबडतोब दवाखान्यात न्या, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “भाऊ, कूलर काढून राहिले होते का?”

“हो.”

“मले वाटलंच.” त्यांनी आपला उजवा कान पुढे करून दाखवला. कान अगदी नीट होता. “मागच्या वर्षी. ह्या कानावर. आठ दिवस हेल्मेट नाही गेलं डोक्यात. बायको म्हणे, दुकानात जाऊ नका, गिऱ्हाईक हसते.” मग त्यांनी मला रसवंतीवर नेलं आणि उसाचा रस पाजला. माझ्या ओठातून अर्धा शर्टावर गेला. त्यांनी तो बघूनही न बघितल्यासारखं केलं. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी बाजूला उभ्या राहून कोणाची सूज आधी उतरेल याची शर्यत लावत होत्या.

वेण्यांवाली जिंकली. तिचं टेंगूळ दुसऱ्या दिवशी निम्मं झालं आणि मग निळं, हिरवं, पिवळं होत गेलं. ती रोज वर्गात रंग जाहीर करायची. माझा रविवारी सकाळी एक डोळा मिटला. डोळ्याभोवतीची कातडी सैल असते, तिथे पाणी चटकन साठतं, हे मी घरात सगळ्यांना सांगितलं, पण माझ्या त्या अवताराकडे बघत कोणी गंभीरपणे ऐकू शकलं नाही. सोमवारी लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका आजोबांनी बाही खाली ओढली आणि म्हणाले, आधी तुमचं दाखवून या.

तिसऱ्या दिवशी नाक खाजायला लागलं आणि चौथ्या दिवशी बरंच उतरलं. रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. मुलीनं विचारलं, “काम झाल्यावर त्या पांढऱ्या पेशी कुठं जातात?”

“बऱ्याचशा तिथेच मरतात,” मी म्हणालो. “मग दुसऱ्या पेशी येऊन त्यांना उचलून नेतात, जागा झाडून काढतात. साचलेलं पाणी परत जातं. मग नवी कातडी.”

तिनं घास तसाच धरून ठेवला. मग माझ्याजवळ सरकली, माझ्या नाकाशी तोंड आणलं आणि हळूच म्हणाली, “थँक्यू.”

आईनं ताटातून वर पाहिलं. “नाकाशी काय बोलून राहिली वं?”

“नाकाशी नाही. आतल्यांशी.”

“असं होय,” आई म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली. “मंग तू जेव गा नीट. एवढे लोक आहेत आत.”